दत्तूची खुर्ची

भाऊबीजेला अक्का रिकाम्या पाटाला ओवाळायच्या. पाटाभोवती रांगोळी, समोर फराळाचं ताट. टिळा लावायला कपाळ नाही, म्हणून कुंकवाचं बोट पाटाच्या कडेला टेकवायच्या. त्यांचा थोरला भाऊ दत्तू एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. पलीकडच्या तुरुंगात त्याला पाहिल्याचं सुटून आलेल्या एका सैनिकाने सांगितलं होतं. त्यापुढे काही कळलं नाही.

मी त्यांचा नाशिकमधला शेजारी, शाळेतला मास्तर. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पुस्तकी शहाणपणाने म्हणालो, "अक्का, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात ना?"

"ज्यांला भाऊ नाय त्या ओवाळत्यात. मला हाय. तुम्ही लाडू खा, मास्तर."

दत्तू त्यांच्या घरी दरवर्षी एका वर्षाने मोठा व्हायचा. ताटातल्या कडक चकल्या गेल्या, मऊ बेसनलाडू आले. "सत्तरी उलटली त्याची. दात कुठले ऱ्हायले आता?" मग एका वर्षी पाटाच्या जागी खुर्ची आली. "तिथं फरशीवर बसून गुडघे गेले असतील. खाली कसा बसंल?"

सायखेड्याजवळच्या त्यांच्या माहेरी हुतात्म्यांचा दगड उभारायचं ठरलं, तेव्हा सरपंच मुद्दाम घरी आले. मी तिथेच होतो.

"दत्तूभाऊंचं नाव कोरतोय, अक्का. मान आहे गावाचा."

"मान करायचा तर त्याला हुडका. जित्त्या माणसाला दगडात घालू नका."

"अहो, पन्नास वर्षं झाली!"

"मग पन्नास वर्षं काय करत होता?"

सरपंच चहा न घेता गेले. दगडावर दत्तूचं नाव नाही.

गेल्या श्रावणात अक्का अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी मला म्हणाल्या, "माझ्याबरोबर त्यालाबी उरकून टाकत्याल. ल्योक माझा, सुभाष, भोळा हाय, कुणी म्हणंल तसं करंल. तुम्ही कधी बोलत नाय मास्तर, पण त्या दिवशी बोला."

दहाव्याला रामकुंडावर गुरुजींनी विचारलं, "आणखी कोण गेलेले? नावं सांगा." सुभाषने वडील, आजी, आजोबा सांगितले. मग खाली पाहत म्हणाला, "मामा... दत्तूमामा."

"ते हयात आहेत," मी म्हणालो. वर्गातही कधी लावला नाही इतका आवाज लागला. शेजारच्या घाटावरची माणसं वळून बघू लागली.

"कशावरून?" गुरुजींनी विचारलं.

"गेले कशावरून?"

सुभाषने माझ्याकडे पाहिलं. मग गुरुजींना म्हणाला, "मामाचं नाव नको."

यंदा भाऊबीजेला ती खुर्ची आमच्या घरात होती. बहिणीने मला ओवाळलं आणि काही न विचारता तबक घेऊन खुर्चीकडे वळली.

लाडू मऊच केले होते.