दादांचं प्रस्थान

माझ्यासारख्यानं कुणाविषयी लिहावं हे धाडसच आहे. माझी सारी शाळा उर्दूत झाली. मराठी मी बाजारात आणि दादांकडून शिकलो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळं चुकलं तर सांगणारंही घरी कुणी नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो: नळदुर्गातून विलायतेला सगळ्यांत आधी निघालेला आणि सगळ्यांत जास्त वर्षं निघालेलाच राहिलेला माणूस म्हणजे आमचे दादा.

दादा नात्यानं माझे कुणी नव्हेत. ते वेशीच्या आतले, आम्ही वेशीबाहेरचे पिंजारी. ते हैदराबादेत बी.ए. झाले आणि विलायतेत पुढं शिकायला निजाम सरकारनं त्यांना वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मंजूर केली. त्यांच्या आईनं मुहूर्त काढला. मुहूर्त आज आणि निघणं चार दिवसांनी, असं असलं की प्रवासाची पेटी तेवढी मुहूर्तावर वेशीबाहेरच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवतात. त्याला प्रस्थान म्हणतात. पेटी गेली म्हणजे माणूस निघाला. मग ती माघारी आणायची नाही. विलायत पश्चिमेला, आणि पश्चिमेचं पहिलं घर आमचं. पेटी आमच्याकडं आली आणि त्याच आठवड्यात विलायतेकडं लढाई पेटली, बोटी अडल्या. सरकारचा निरोप आला, पुढच्या हुकमापर्यंत थांबा.

थांबणं दादांच्या स्वभावातच नव्हतं. सूट, बूट, ओव्हरकोट, काटे-सुऱ्या सारं पेटीत, आणि पेटी घरी नेता येत नाही. म्हणून ते रोज सकाळी आमच्याकडं येत, सूट चढवत, वैशाखातल्या उन्हातसुद्धा वेशीबाहेर फेऱ्या मारत आणि निथळत येऊन कपडे परत पेटीत ठेवून धोतरावर घरी जात. गावात लग्नकार्य असलं, भांडण मिटवायचं असलं, तर म्हणत, "मला धरू नका, मी गावात न्हाय." मुलगी सांगून आली तेव्हा आईला म्हणाले, "निघालेल्या माणसाला कुणी पोरगी दाखवतंय व्हय?" त्या माउलीनं निघालेल्या मुलाला दोन्ही वेळा वाढायचं मात्र सोडलं नाही.

काट्या-सुरीची तालीम आमच्या ओसरीवर चाले. एकदा सुरीखालची ज्वारीची भाकरी अशी उडाली की झुणक्यासकट अब्बांच्या पिंजलेल्या कापसात जाऊन बसली. अब्बा पिंजण खाली ठेवून म्हणाले, "दादा, भाकर काय दुश्मन हाय? भालं घेऊन बसलाव!"

"चाचा, तिकडं हातानं खाल्लं तर हसतेत."

"आन् असं खाल्लं तर हितं हसायलेत की!" अम्मी आतून म्हणाली.

थंडीची सवय व्हावी म्हणून पुसाच्या महिन्यात ते किल्ल्यातल्या पाणीमहालात ओल्या सदऱ्यानं बसले. तापानं फणफणले, नाक वाहायला लागलं, तरी चेहऱ्यावर समाधान. म्हणाले, "तिकडं पहिल्या हिवाळ्यात पडसं होतंच. माझं इथंच उरकलं." आणि रस्त्यावर हैदराबादहून टपाल आणणाऱ्या मोटारीचा भोंगा वाजला की हुकूम आला असेल म्हणून हातातलं टाकून धावत. अर्धी दाढी झालेले दादा सडकेला उभे आहेत आणि मोटारवाला मान हलवून सांगतोय, "आज बी न्हाय, दादा," हे गावानं इतक्यांदा पाहिलं की पुढं पुढं कुणी हसेनासं झालं.

मी मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात धाराशिवच्या कचेरीतून निरोप आला. लढाई चालूच होती, पण दादांचं वय वजिफ्याच्या अटीबाहेर गेलं होतं. त्या सकाळी ते आले आणि सूट न घालता नुसते पेटीजवळ बसले. आता पेटी घरी आण, असं त्यांच्या आईनं सांगितलं होतं. अम्मी म्हणाली, "निघालेलं सामान माघारी न्यू नको, बेटा."

दादा बराच वेळ पेटीच्या कडीशी चाळा करत राहिले. मग माझ्याकडं वळले. "माघारी न्यायचं न्हाय. पर पुढं न्यायला कुठं मनाई हाय? तू हैदराबादला चाललास न्हवं? तितवर तरी ने."

"दादा, तुमची पेटी मी कशी..."

"गप. ओव्हरकोटाला मधनंमधनं ऊन दे."

पुढं ते गावच्या शाळेत मास्तर झाले. सुट्टीत घरी गेलो की माझी खुशाली नंतर; आधी विचारत, "पेटी कशी हाय?"

आता लढाई संपली, बोटी सुटल्या, आणि यंदा वजिफ्याला माझं नाव लागलं. हे दादांना तोंडानं सांगायचा धीर मला झाला नाही. त्याच मोटारवाल्याकडून निरोप धाडला आणि हैदराबादेतल्या माझ्या खोलीत फेऱ्या मारत राहिलो, अगदी त्यांच्यासारखा. त्यांचं जे राहिलं ते मी उचलून नेतोय, असं त्यांना वाटलं तर? पेटी बांधायची राहिली होती. कडीला हात लावायचंच धाडस होईना.

आज सकाळी मोटारवाला आला. माझी मुंबईची गाडी सोलापुरावरून जाणार ती शुक्रवारी, हे त्यानं दादांना नीट सांगितलं होतं. म्हणाला, "दादा दाढी करायलते. निरोप ऐकला अन् तसंच उठले. तुमच्या अम्मीनं तुमच्यासाठी इमाम जामिन शिवून ठेवलावता..." प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर आमच्यात कापडात शिवलेलं नाणं बांधतात, ते. "हरवाय नको म्हणून त्यो दादांनी आपल्याच दंडावर बांधला, अन् सोलापूरच्या मोटारीत चढले. म्या म्हणलो, दादा, गाडीला अजून चार दिस हायत. तर म्हणले, पोराला बंदरापतोर पोचवायचंय, उशीर नको."

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. दादा निघाले.