हनुवटीखालची क्लिप

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या हॉकी संघात त्या वर्षी आम्ही तेराजणी होतो आणि गोलमध्ये उभं राहायला एकही तयार नव्हती. मी साताऱ्याची, शाळेपासून खेळत आलेली, म्हणून कॅप्टन. सांगलीच्या होस्टेलवर माझ्या खोलीत जत तालुक्यातली एक मुलगी होती. उंच, पायांनी दणकट, मेंढरांमागं मैलोन्‌मैल चाललेली. तिनं हॉकीची स्टिक कधी हातात धरली नव्हती.

"मला काय येतंय गं?" ती म्हणाली.

"उभं राहायला येतं ना?"

तेवढ्यावर ती आली.

पावसाळा संपला, मुरमाचं मैदान वाळलं, आणि आम्ही रोज सकाळी सहाला उतरायला लागलो. ती कोपर सोलवटून घ्यायची, पॅडमध्ये घामानं भिजायची, पण बॉलला पाठ कधी दाखवायची नाही. दिवाळीनंतरच्या सामन्यांत आम्ही जिंकत गेलो ते निम्मं तिच्यामुळे. मी मागं फुलबॅकला असायचे. माझ्या हातून सुटलेला बॉल तिच्या पॅडवर आदळल्याचा आवाज आला की जिवात जीव यायचा. सामना संपल्यावर मात्र लोक कॅप्टनचं कौतुक करायचे, आणि मला ते आवडायचं.

साताऱ्यातल्या सेमीफायनलच्या दोन दिवस आधी आमच्या क्रीडाशिक्षिका मॅडमनी माझ्याकडे गोलकीपरचं हेल्मेट दिलं. हनुवटीखालच्या पट्ट्याची क्लिप झिजली होती. लावली की लागायची, पण झटका बसला की निसटायची. "स्टँडजवळ बॅगा शिवणारा बसतो ना, त्याच्याकडून नवीन बसवून आण. आजच," त्या म्हणाल्या.

मी निघाले. पण त्याच संध्याकाळी मला माझ्या जर्सीच्या पाठीवर 'कॅप्टन' छापून घ्यायचं होतं. साताऱ्यात घरचे सामना बघायला येणार होते. छपाईच्या दुकानात गर्दी होती. मी थांबून राहिले, अक्षरं जरा मोठी करायला सांगितली, पुन्हा थांबले. स्टँडजवळ पोचले तेव्हा बॅगावाला सामान आवरून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्हाला निघायचं होतं.

खोलीत येऊन मी क्लिप लावली, हळूच ओढून बघितली. टिकली. मुद्दामच हळू ओढली होती.

एसटीत मॅडमनी विचारलं, "बसवून आणलीस ना?"

"हो मॅडम."

माझ्या शेजारी ती बसली होती. तिनं हेल्मेट मांडीवर घेतलं आणि कराड येईपर्यंत तशीच झोपली.

सेमीफायनलला आम्ही एक गोलनं पुढं होतो. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. पहिला फटका तिनं आडवं पडून पॅडवर अडवला. ती पडली तसं हेल्मेट डोक्यावरून निघालं आणि बाजूला घरंगळत गेलं. बॉल परत त्यांच्याच एकीकडे गेला. त्या मुलीला थांबायला वेळच नव्हता. तिनं मारला तो सरळ हिच्या तोंडावर.

मी तिच्यापासून चार पावलांवर होते. ती ओरडली नाही. उठून बसली, तोंडाला हात लावला आणि हात बघितला. वरचे पुढचे दोन दात मुरमात पडले होते.

मॅडम टॉवेल घेऊन धावत आल्या. त्या घाबरल्या होत्या, त्या भरात म्हणाल्या, "पट्टा नीट लावला नव्हतास का गं?"

तिनं टॉवेलमागून आधी माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे, आणि मान हलवली. नसेल लावला, अशी.

त्या क्षणी बोलायला मला एकच वाक्य लागलं असतं. मी खाली वाकून हेल्मेट उचललं.

मॅडम तिला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेल्या. संघातल्याच, कबड्डीही खेळणाऱ्या एकीला गोलमध्ये उभं करून आम्ही उरलेला वेळ काढला आणि जिंकलो. घरचे मैदानात आले. आईनं माझ्या पाठीवरून, त्या छापलेल्या अक्षरांवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी आमच्या घराजवळच्या चांभाराच्या दारात उभी होते. क्लिप बसवायला त्याला पाच मिनिटं लागली असतील. दुपारी फायनलमध्ये कबड्डीवाल्या मुलीच्या तोंडासमोर, हेल्मेटच्या जाळीवर बॉल दणकन बसला. हेल्मेट जागचं हललं नाही. आम्ही फायनल हरलो, पण मला आठवतं ते तेवढंच. नंतर मॅडमनी हेल्मेट हातात घेऊन क्लिप दोनदा लावली, काढली. "चांगली आहे की," त्या म्हणाल्या. "त्या पोरीनंच घाई केली."

तिचे वडील तिसऱ्या दिवशी सांगलीला होस्टेलवर आले. जतहून पहाटेच्या गाडीनं. डोक्याला पटका, हातात बेदाण्यांची पिशवी. मुलीची हनुवटी धरून त्यांनी तिचं सुजलेलं तोंड उजेडाकडे वळवून बघितलं. मग मला म्हणाले, "आवं ताई, कसं झालं वो ह्ये?"

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, बोबडं, ओठ न हलवता. "माझीच चूक हाय, अप्पा. पट्टा ढिला ऱ्हायला."

"असूं दे," ते म्हणाले. पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. "हिला चावायला जमायचं न्हाई. तुमी खावा. तुमी हितं हाय म्हून आमाला घोर न्हाई."

मी ती पिशवी घेतली.

ती महिन्याभरानं पुन्हा मैदानावर आली, दोन दात बसवून. पुढची दोन वर्षं गोलमध्ये उभी राहिली. हसताना तोंडापुढं हात धरायची सवय तेव्हाच लागली. मी रोज रात्री शेजारच्या खाटेवर झोपत होते आणि रोज वाटायचं, उद्या सांगू.

त्याला पंधरा वर्षं झाली. ती पोलिसांत आहे, सांगलीत. मी साताऱ्यात एका शाळेत खेळ शिकवते. गेल्या वर्षी आष्ट्याला संघातल्या एका मैत्रिणीच्या घरी वास्तुशांतीला आम्ही दोघी भेटलो. जेवणं झाल्यावर मांडवामागं खुर्च्या टाकून बसलो होतो, तेव्हा मी सांगितलं. छपाईचं दुकान, मॅडमना दिलेलं उत्तर, दुसऱ्या दिवशीचा चांभार. सगळं.

ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, किती जुनं झालं.

"मी म्हणत व्हते माझीच चूक," ती म्हणाली. "आजपातुर म्हणत व्हते. गाडीवर बसताना तीनतीनदा पट्टा बघते मी. पोरांना मारलंय पट्ट्यापायी."

"माझं चुकलं गं."

"दातांचं काय न्हाई. लागतंच खेळात. पण अप्पा समोर बसले व्हते, आणि तू गप ऱ्हायलीस." ती उठली. "मॅडमना सांगितलंस?"

"नाही."

"त्यांना सांग मग."

मॅडम आता निवृत्त होऊन वाईला असतात. पुढच्या रविवारी मी गेले. त्यांना आधी ती मुलगीच आठवेना. मग आठवली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मी तिला सगळ्यांसमोर बोलले होते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी उठून चष्मा शोधला आणि माझ्याकडून नंबर घेऊन स्वतःच्या फोनवरून तिला फोन लावला. "बाळ, मी मॅडम बोलते," अशी सुरुवात केली आणि बराच वेळ बोलत राहिल्या. मध्येच पदरानं डोळे पुसले, मध्येच हसल्या. तिच्या मुलांची नावं विचारली. अप्पा गेल्याचं मला त्या फोनवरूनच कळलं.

मी समोर बसून होते. बोलणं संपत आलं तेव्हा मॅडमनी माझ्याकडे बघत फोनवर विचारलं, "हिच्याशी बोलतेस का?" मग थोडं ऐकलं, "बरं, बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.