मंगळवारचं घर

माझी ताई जनावरांची डॉक्टर आहे, पण जनावर बरं करायला तिला कुणी बोलावत नाही. आता काहीच होण्यासारखं नाही, असं ठरलं की मग तिचा नंबर शोधतात. म्हातारं, थकलेलं कुत्रं-मांजर त्याच्याच घरात शांतपणे झोपवायचं, कायमचं, हे तिचं काम.

ती दारात चपला काढते आणि पहिलं विचारते, "हा एरवी कुठे झोपतो?" मग तिथेच फरशीवर मांडी घालून बसते. पहिलं इंजेक्शन झोपेचं. दुसरं देण्याआधी घरच्यांचं बोलून संपेपर्यंत थांबते. कुणी तासभर बोलतं, कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. जाताना माणसं तिचे हात धरून रडतात, तुमचे उपकार विसरणार नाही म्हणतात. आणि पुढच्या महिन्यात दुकानात समोर आली की साबणाची पाकिटं वाचायला लागतात. "वीस वर्षांत एकाही घरात मी दुसऱ्यांदा गेलेली नाही," असं ताई हसत सांगायची. मला मात्र त्या लोकांचा भयंकर राग येतो.

माझंही सांगून टाकते. माझ्याकडे तेरा वर्षांचं कुत्रं आहे. ताई यायची तेव्हा मी तिला म्हणायचे, ती पिशवी तेवढी गाडीतच ठेव बाई. ती मुकाट्याने ठेवायची. हल्ली ती येत नाही. येत नाही म्हणजे काय, मीच बोलावत नाही.

तर गेल्या वर्षी तिला एका निवृत्त शिंप्याचा फोन आला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, आणि मशीनखालच्या कापडाच्या तुकड्यांवर चौदा वर्षांची मांजर. तिचं नाव मालकीणबाई. ताईने नेहमीचे चार प्रश्न विचारले. खाते का? अंग चाटून साफ ठेवते का? आपणहून उठून येते का? तुम्ही हाक मारली की बघते का?

"खातात, बघतात, सगळं करतात," काका म्हणाले. मांजरीलाही ते अहोजाहो करायचे. "पाणी फार पितात आणि वाळल्यात."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"त्यांचं एकदा नीट झालं की मी मोकळा. मी आधी गेलो तर त्यांना कोण बघणार?"

ताईचं डोकंच फिरलं. म्हणाली, "काका, तुमच्या सोयीसाठी मी जिवंत मांजर मारत नसते." मग जरा शांत होऊन तिने तपासलं. मूत्रपिंडं थकली होती. दर आठवड्याला कातडीखाली सलाइन दिलं तर काही महिने सहज निघाले असते. ती म्हणाली, "मी शिकवते. तुमचा तर जन्मच सुईत गेला."

"बाई, कापडाला दुखत नाही," काका म्हणाले आणि थरथरणारा हात तिच्यापुढे धरला.

म्हणून ताई दर मंगळवारी चार वाजता जायला लागली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच एका घरात दुसरी फेरी झाली, मग तिसरी. सहा वाजता मला फोन यायचा. आज काकांनी माझ्या खुर्चीवर उशी ठेवली होती. आज चहा गोड केला, मी काही बोलले नाही. आज म्हणाले, या कोटाची बाही ज्याने शिवली त्याला माझ्यापुढे उभा करा. चाळीस वर्षांत ताई इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. एका मंगळवारी तिच्या पिशवीचा बंद तुटला, तर काकांनी चष्मा न लावता एका झटक्यात सुईत दोरा ओवला आणि दोन मिनिटांत शिवून दिला.

"अगं, मग त्यांचा हात थरथरतो कुठे?" मी म्हणाले.

"तू चूप बस," ताई म्हणाली. मी चूप बसले.

मांजरीचं वजन ती दर वेळी करायची. हातात धरायचा काटा, त्याला कापडाची झोळी, झोळीत रागावलेल्या मालकीणबाई. सातव्या महिन्यात फोनवर सहज म्हणाली, "आज काटा घरी विसरला." पुढच्या मंगळवारीही विसरला. त्याच्या पुढच्याही. माझी ही बहीण घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चौथ्या मंगळवारी ती गेली तेव्हा मांजर मशीनखाली भिंतीकडे तोंड करून बसली होती. अंग स्वच्छ, केस चमकत होते. पण मशीनवर कपडे झाडायचा ब्रश पडला होता, त्यात मांजरीचे मूठभर केस. कप धुवायला ती मोरीपाशी गेली तर तिथे कागदाची पुरचुंडी, आणि पुरचुंडीत मांजरीचं चार दिवसांचं खाणं. फ्रिजवर लावलेल्या कागदावर मात्र रोज 'खाल्लं' म्हणून पेन्सिलीची खूण होती.

ताई कागद घेऊन बाहेर आली. "काका, खरं सांगा."

काका हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही वजन का नाही केलंत?"

उत्तर दोघांकडेही एकच होतं. तीन आठवडे त्या दोघांनी आपापल्या चहासाठी एका आजारी जिवाला थांबवून ठेवलं होतं, आणि त्यातली एक तर डॉक्टर होती. हे वाक्य माझं नाही, ताईचंच आहे. सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता.

तिने चारही प्रश्न पुन्हा विचारले. काका चार वेळा 'नाही' म्हणाले.

मग ते मशीनखालचे तुकडे बाहेर ओढून त्यांवर बसले, मांजर मांडीवर घेतली. ताई शेजारी बसली. पहिलं इंजेक्शन दिल्यावर मालकीणबाईंनी काकांच्या अंगठ्यावर हनुवटी टेकवली. काका मांजरीच्या कानामागे बोट फिरवत राहिले. दुसऱ्यानंतर ताईने कानाला नळी लावून ऐकलं आणि मान हलवली.

"हात हलका आहे तुमचा," काका म्हणाले. जिन्यापर्यंत पोचवायलाही आले.

पुढच्या मंगळवारी चार वाजता ताई पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेली. पिशवी घेतली नव्हती. मी असते तर गेले नसते, पण ती गेली. बेल वाजवली. आत पावलं वाजली, दाराच्या भिंगात अंधार झाला. दार उघडलं नाही.

"डॉक्टरीणबाई, नको," आतून आवाज आला. "तुमचा काही दोष नाही. पण तुम्ही दिसलात की मला तोच दिवस दिसतो."

"बरं," ताई म्हणाली.

ती तिथेच पायरीवर बसली. थोड्या वेळाने आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला, अगदी दारापर्यंत. पाऊण तास दाराच्या अलीकडे ती आणि पलीकडे ते, असे बसले. मध्ये एकदाच काकांनी विचारलं, "जेवलात का?"

"हो काका."

हे सगळं तिने मला सहा वाजता फोनवर सांगितलं.

"खरंच जेवली होतीस?" मी विचारलं.

"नाही गं. सकाळपासून काही गेलंच नाही."

"मग हो का म्हणालीस?"

"नाही म्हटलं असतं तर त्यांना दार उघडावं लागलं असतं."

अशीच निघून ये माझ्याकडे, पान मांडते, एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. माझं कुत्रं पायाशी पडलं होतं; फोनमधला ताईचा आवाज ओळखून त्याने शेपूट हलवलं. त्या आवाजावर फार जीव आहे त्याचा. मी त्याच्याकडे बघितलं आणि ते चार प्रश्न मनात आपोआप सुरू झाले. खातो का? हो, थोडं. अंग साफ ठेवतो का? बरं. आपणहून उठून येतो का?

"ताई, मी उद्या फोन करते," मी म्हणाले.

"बरं," ताई म्हणाली.