बसलेल्या माणसाला ओलांडू नये

अक्का कधी कुणाला ओलांडून गेल्या नाहीत. दारात कुणी पाय पसरून बसलं असलं तर ते पाय आवरेपर्यंत त्या डोक्यावर हंडा घेऊन तशाच उभ्या राहायच्या. उंबऱ्यावर मांजर निजलं असलं तरी घराला वळसा घालून मागच्या दारानं आत जायच्या. दुसऱ्या कुणी खेळणाऱ्या लेकराला ओलांडलं तर त्याला जागच्या जागी थांबवायच्या. "आलास तसा मागं फिर. उलटं ओलांड. न्हायतर ते त्याच्या अंगावर राहतंय." मग मिशीवाले बाप्येसुद्धा निमूट मागं फिरून परत ओलांडायचे. हसायचे, पण ओलांडायचे.

सोलापूर जिथं संपतं आणि रानं सुरू होतात, तिथं दक्षिणेच्या अंगाला आमची वस्ती आहे. अक्कांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. मी लग्न होऊन आले ती उजनीच्या पाण्याकाठच्या गावातून. आमचं जुनं गाव धरणात गेलेलं. चौथीच्या पुढची शाळा पाण्यापलीकडं होती, म्हणून माझं शिकणं तिथंच थांबलं. इथं आल्यावर मला बोलायचीच भीती वाटायची. अक्का घरात कानडी बोलायच्या, माझ्याशी मराठी, आणि म्हशीशी दोन्ही. मला त्या तंगी म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. बायका मला चिडवायला लागल्या की अक्का मध्ये पडायच्या. "ह्या बाईला देवानं तोंड जेवायला दिलंय, बोलायला न्हाय. बरंच हाय की. माझं कुटं सांगत बसायची न्हाय." तेव्हा मला ते कौतुक वाटायचं. त्या मला पारखून बघत होत्या, हे फार उशिरा कळलं.

त्यांचे मालक, म्हणजे आप्पा, मी येण्याच्या थोडं आधी गेले होते. अक्का मात्र ते गेले असं कधी म्हणाल्या नाहीत. त्यांच्यात माणूस जाळत नाहीत, मातीत बसवतात. मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन, विभूती लावून, आपल्याच शेतात. कुणी आप्पांचं विचारलं की अक्का सरळ सांगायच्या, "मालक व्हय? बांधावर बसल्यात की." नवा माणूस बांधाकडं बघायचा आणि त्याला कुणीच दिसायचं नाही. कारण तिथं ना दगड होता ना कट्टा. आप्पांनीच तसं सांगून ठेवलं होतं. कट्टा बांधला की पुढच्या पोरांना जन्मभर औत वळवून घ्यावं लागतं, पिकाची जागा अडते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांना बांधात बसवलं आणि वरून माती सारखी केली. जवळ एक लिंब होता, तेवढीच खूण. पुढं वावटळीत तो लिंबही पडला. ज्या स्वामींनी मंत्र म्हटले तेही राहिले नाहीत. मुलगा शिवानंद त्या वेळी लहान होता. त्याला एवढंच आठवायचं, की लिंबाजवळ.

मी अक्कांबरोबर ज्वारी खुरपायला जायची. बांधावरून चालताना एका ठिकाणी त्या माझा पदर ओढायच्या. "तितनं नको. खाली उतर. डोक्यावरनं जाशील." त्या खाली उतरून वळसा घ्यायच्या, मीही घ्यायची. नवी ज्वारी आली की पहिली भाकरी शेंगाचटणी घालून तिथं ठेवायच्या. मग शेजारची माती हातानं थोपटायच्या, गादी झटकावी तशी. "ही माझी जागा. डाव्या अंगाला. लगनात बसले तशी." सांगताना लाजायच्या. मला त्याचं भय वाटायचं, त्यांना नाही. तेवढी जागा त्या गवत काढून लख्ख ठेवायच्या.

शिवानंद शिकला, नोकरीला लागला, त्यानं जुळे सोलापूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आईला मोठ्या हौसेनं नेलं. आठवडाही झाला नसेल, अक्का पिशवी घेऊन रिक्षातून परत. मी पाणी दिलं. म्हणाल्या, "खाली दुसरी माणसं ऱ्हात्यात गं. ती जेवाय बसत्यात, आणि मी त्यांच्या डोक्यावरनं चालायचं? रातभर अंग चोरून निजले. सून म्हनती, आत्या, फरशी हाय मध्ये. फरशी असली म्हनून काय झालं? खाली माणूस बसलंय ते बसलंयच की." मी हसले. त्याही हसल्या.

मग विमानतळाच्या रेल्वेची बातमी आली. शहरातून थेट विमानतळाला गाडी जाणार, आणि नवा रूळ आमच्या रानांमधून. वस्तीला आनंद झाला. पोरांना काम लागेल, चहाच्या टपऱ्या पडतील. शिवानंद तर खुलूनच गेला. आईला म्हणाला, "अव्वा, स्टेशनात बसलं की सरळ विमानापाशी उतरायचं."

"विमानात कोन चाललंय? तू?"

"जाईन की कधीतरी."

"मंग जा की रिक्षानं. त्याला एवढी जिमीन कशाला?"

सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. त्या दाराबाहेर जाऊन बांधाकडं बघत उभ्या राहिल्या.

उन्हाळ्यात माणसं आली. तीन पायांचं यंत्र मांडून त्यातून बघायची, दगडांना पांढरा रंग मारून पुरायची. दुपारी डोक्यावर एक यंत्र भुंग्यासारखं घोंगावायचं, आणि खालची कोंबडी पिलं पंखाखाली घ्यायची. एक पांढरा दगड अक्कांच्या शेताच्या अलीकडं बसला आणि एक पलीकडं. मधली रेघ कुणी मारली नव्हती, तरी ती सगळ्यांना दिसत होती. ती बांध कापून जात होती.

जमीन गेली. ती बऱ्याच जणांची गेली. अक्का त्यावर फार बोलल्या नाहीत. "जिमीन गेली तर गेली. मालकाचं काय ते बोला." शेवटी एक साहेब त्यांच्याशी बोलायला आले. वाईट माणूस नव्हता. उन्हात टोपी काढून हातात धरून उभा होता.

"आजी, समाधी असेल तर दाखवा. आम्ही रीतसर काढून दुसरीकडं नेऊ. तुमचे स्वामी बोलवा, काय मंत्र म्हणायचे ते म्हणा."

"साहेब, तुमी जेवाय बसलाय आणि कुनी बकुट धरून उठीवलं तर?"

"नाही दाखवली तर वर भराव पडेल, आजी. आणि भरावावरून गाडी जाईल."

अक्कांनी डोळे मिटले. मी भिंतीला टेकून उभी होते.

त्या रात्री शिवानंद आईसमोर मांडी घालून बसला. आवाज भिंतीतून येत होता. "आप्पांना रुद्रभूमीत नेऊ, आपली सगळी माणसं बसवतात तिथं. शेजारची जागा तुझ्यासाठी मागून ठेवतो. दोघं जवळजवळ राहाल. नाहीतर काय होईल ते बघ. ते इथं एकटे रुळाखाली, आणि तू तिकडं एकटी. इथं आता कुणालाच बसवू देणार नाहीत." तो रडत होता. खोटं काहीच बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मशीन आली. जमीन दाबणारा रोलर लांब रस्त्याकडं चालायचा आणि इथं हंड्यातलं पाणी थरथरायचं. अक्का पाण्यावर तळहात ठेवायच्या, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. हात काढला की पाणी पुन्हा थरथरायचं. शेतात टिटवीनं जमिनीवर अंडी घातली होती. ती दिवसभर मशीनच्या मागं ओरडत उडायची. एका सकाळी तिचा आवाज आला नाही. अक्कांनी भाकरी थापता थापता कान दिला आणि तवा उतरवला. "तंगी, चल."

त्या विभूतीचा डबा घेऊन निघाल्या. मला वाटलं, आता दाखवणार. बांधावर शिवानंद होता, ते साहेब होते, दोनचार माणसं होती. अक्का एका टोकाला वाकल्या आणि मातीला विभूती लावली. चार पावलं गेल्या, पुन्हा वाकल्या, पुन्हा लावली. असं करत करत त्यांनी सगळ्या बांधाला विभूती लावली. जिथं कायम खाली उतरायच्या तिथंही त्या दिवशी उतरल्या नाहीत. फक्त काठावर एक क्षण थांबल्या, चप्पल काढायचं निमित्त करून. त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट आवळला गेला, तेवढंच. मग त्या जागेवरून चालत पुढं गेल्या, आणि लगेच काहीतरी विसरल्यासारखं करून मागं आल्या. उलटं ओलांडलं. ते फक्त मला कळलं.

"अव्वा, नक्की कुठं?" शिवानंदनं विचारलं.

"म्हातारी झाले की रे. आठवत न्हाय."

साहेबांनी खूप वेळ बांधाकडं बघितलं आणि टोपी घातली.

घरी आल्यावर अक्का म्हणाल्या, "बसलेल्या माणसाला मी उठीवनार न्हाय. मी बसेन कुटंबी." एवढंच. पण त्यानंतर त्यांनी माती थोपटायचं सोडलं. हातांना ती सवय होती. बसल्या जागी घरातल्या जमिनीवर हात फिरत राहायचे आणि लक्षात आलं की थांबायचे.

भराव वाढत गेला तसं आम्हाला पलीकडचं रान दिसेनासं झालं. संध्याकाळी त्याची सावली आमच्या दारापर्यंत यायची. अक्का त्या सावलीतही पाय ठेवत नसत. पुढं त्यांचं चालणं कमी झालं आणि शिवानंद त्यांना फ्लॅटवर घेऊन गेला. मी भेटायला गेले तर पलंग सोडून भिंतीच्या कडेला अंथरुणावर पडल्या होत्या. सून म्हणाली, "मधोमध झोपतच नाहीत. म्हणतात, खालच्यांचं ताट मधे असतंय." मी जवळ बसले. कानाशी म्हणाल्या, "सांगितलं न्हाईस न्हवं?" मी मान हलवली. "बास. आता गाडी सुरू झाली की बघ. गेली की परत यायला पायजे. तेवढं बघ."

त्या तिथंच गेल्या. रुद्रभूमीत त्यांना बसवलं. चेहरा शांत होता, पण डाव्या-उजव्या अंगाला अनोळखी माणसं होती. सगळे मूठमूठ माती टाकत होते. मी पदराच्या गाठीतली माती टाकली. भराव पडायच्या आधीच त्या जागेवरून आणून ठेवलेली काळी माती. तिथली माती मुरमाड आणि तांबडी. तो काळा डाग वर पडलेला शिवानंदनं बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

बाहेर आल्यावर त्यानं मला गाठलं. "काकू, तुम्हाला माहीत आहे ना?"

मी खाली बघितलं. मी बोलत नाही हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. तो वाकून माझ्या पाया पडला आणि गेला. ती जागा मी इथंही लिहीत नाही.

परवापासून वस्तीत गडबड होती. रूळ तपासायला नुसतं इंजिन येणार म्हणून पोरं भरावाखाली जमली होती. आज दुपारी ते आलं. आधी तांब्यातलं पाणी हललं. मी त्यावर हात ठेवला. मग भांडी वाजायला लागली, मग सगळं घर. शहराकडून आलं, आमच्या समोरून, त्या जागेवरून, विमानतळाकडं गेलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी मात्र मोठ्यानं म्हणाले, "मागं फिर." माझा आवाज माझ्याच घरात मला अनोळखी वाटला.

ऊन उतरलं. पोरं घरी गेली. भरावाची सावली दाराशी आली, उंबरा चढून आत आली. कोंबड्या आपणहून आत शिरल्या. इंजिन परतलं नाही. कुणी म्हणालं, आज तिकडंच ठेवणार. कुणी म्हणालं, पुढं काम अर्धं आहे, काय सांगता येत नाही.

दिवे लागायच्या वेळी शिवानंदचा फोन आला. त्यानं दुसऱ्या कशाचीच चौकशी केली नाही.

"काकू, गेलं का इंजिन?"

"गेलं."

"आलं का परत?"

"नाही अजून."

त्याच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी चालत होतं, ते मला ऐकू येत होतं.

"आलं की सांगा," तो म्हणाला.

मी पाट ओढून दारात बसले आहे. तांब्या जवळ ठेवला आहे. पाणी अजून हललेलं नाही.