रोमानियाच्या गाडीची अर्धी गोष्ट

बाळाराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी खांदेश्वरच्या घरी वाटाणे सोलत बसलो होतो. त्याचा पुतण्या एवढंच म्हणाला, "काका गेला. चारला न्यायचा हाय." महिना उलटला त्याला. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं... आता एक गोष्ट त्याला कधीच कळणार नाही, म्हणून. लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

तुर्भ्याच्या कारखान्यात आम्ही वीस वर्षं बरोबर होतो. मी ड्रॉइंग ऑफिसात, तो मशीन शॉपमध्ये आणि युनियनचा पुढारी. खाडीकाठच्या गावचा गडी, आवाज असा की गेटवर माईक लागायचा नाही. मला मोटारींचं वेड. डबा खाताना मी त्याला गाड्यांच्या कहाण्या सांगायचो, त्यातली त्याला एकच भावली, रोमानियातल्या एका कंपनीची. फ्रेंचांकडून आराखडा घेऊन त्यांनी एक साधीसुधी गाडी काढली आणि किरकोळ फेरफार करत तीच तीस-पस्तीस वर्षं बनवली. लोक ती मिळवायला वर्षानुवर्षं थांबायचे. मग राजवट पडली, दिवस फिरले, शेवटी फ्रेंच कंपनीनेच कारखाना विकत घेतला. लोगन नावाची नवी गाडी आली, पुढे डस्टर आली, सगळं पुन्हा धडधडू लागलं. "आयला, एकाच गाडीवर पस्तीस वरीस!" बाळाराम मांडीवर थाप मारून हसायचा. "आपला मॅनेजर दर दिवालीला नवीन मालाची पाटी लावतो."

पुढे आमचा कारखानाही परदेशी मालकाने घेतला. नोटीस लागली, ज्याला स्वेच्छानिवृत्ती हवी त्याने पंधरा दिवसांत अर्ज द्यावा. गेट मीटिंगला बाळाराम कट्ट्यावर चढला आणि त्याने माझीच गोष्ट सांगितली. "रोमानियावाल्यांचा कारखाना पन विकलाच होता ना? बुडाले का ते? कोनी सही करू नका!" टाळ्याच टाळ्या. मी मागे उभा होतो. त्या गोष्टीचा उरलेला भाग मी आदल्याच आठवड्यात वाचला होता. नव्या मालकाने कारखाना वाचवला खरा, पण हजारो कामगार घरी गेले. सांगणार होतो हो... पण तो इतका रंगात आला होता, आणि मी स्वतः गुपचूप अर्ज देऊन बसलो होतो. कुठल्या तोंडाने बोलणार?

त्याच्या शब्दावर साठ-सत्तर जण थांबले. तोही थांबला. दीड वर्षात टाळं लागलं आणि कुणाच्या हाती धड काही आलं नाही. बाजारात लोक त्याला तोंडावर विचारायचे, "काय रे, आमाला रोमानियाला नेनार होतास ना?" तो मान खाली घालून निघून जायचा. माझ्याकडे येऊन चहा प्यायचा, गाड्यांचा विषय मात्र कधी काढायचा नाही. मी मनात म्हणायचो, बरंय, याला ठाऊक नाही.

दहाव्याला वहिनींसमोर बसून कसंबसं म्हटलं, "वहिनी, एक सांगायचं राहून गेलंय..." त्यांनी हातानेच थांबवलं.

"भावजी, त्यांना सगलं ठाव होतं. टालं लागलं त्याच वर्षी पोरीनं त्या रोमानियाच्या कारखान्याचं पुढचं वाचून दाखवलं, हजारो लोक घरी गेले ते. मी बोलली, लोकांना सांगा, ही गोष्ट तुमची नाय, भावजींची हाय. तर माझ्यावरच वरडले. बोलले, कट्ट्यावर मी चढलो होतो, तो नाय. त्याचं नाव घ्यायचं नाय."

मी बाहेर आलो. मांडवात, तेव्हा कारखान्यात थांबलेल्यांपैकी बरेच जण बसले होते. एकाने माझ्यासाठी खुर्ची ओढली, दुसऱ्याने चहा दिला. मी बसलो, चहा प्यायलो, तेव्हाही बोललो नाही. म्हणून हे लिहितोय. त्या सगळ्यांनी वाचावं. ती गोष्ट बाळारामची नव्हती, माझी होती, आणि तिचा शेवट मला त्याच्या आधी माहीत होता.