घासून पुसलेला पूर

"सरकारी माणसानं आपल्या दारात चिखल बघितला, तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल," आर्डिथ कॉन्ली म्हणाली होती. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं स्टिलहाउस खोरं तेव्हा पुरातून नुकतंच वर आलं होतं. रस्त्याखालची अरुंद मोरी तुंबली आणि अकरा घरांत कमरेएवढं पाणी शिरलं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं हुकमत गाजवलेली बाई ती. तिनं चर्चच्या बायकांना कामाला जुंपलं. गाद्या जाळल्या, भिंती ब्लीचनं घासल्या. तिसऱ्या दिवशी नुकसानीची पाहणी करणारा सरकारी माणूस आला. तिनं त्याला उकडलेला राजमा आणि मक्याचा पाव वाढला.

"तुमच्याकडे पाणी आलंच नाही म्हणायचं!" तो म्हणाला. तिला ती शाबासकी वाटली.

दोन वर्षांनी काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, सभा घेऊन आपत्ती-आराखडा लोकांपुढे मांडला. आराखड्यात खोऱ्याचं नाव असेल, तरच मोरीच्या जागी पूल. तिचा नवरा हॉबर्ट खाणीची धूळ छातीत घेऊन घरी ऑक्सिजनच्या नळीवर पडून होता. पुन्हा रस्ता बुडाला तर त्याला बाहेर काढायचं कुठून? सभेच्या खोलीत भिंतीवरच्या नकाशात नुकसानीचे निळे ठिपके होते. स्टिलहाउस पांढरं होतं. कोरं.

"केंडल," ती नकाशाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला म्हणाली, "तुझ्या आईचा फ्रीज मीच धुतला ना रे? आत बेडूक होता."

"होता, आर्डिथ मावशी. पण बेडकाचा फॉर्म भरला नाही कुणी. फोटो तरी आहेत?"

"चिखलाचे फोटो कोण काढतं? लग्नाचे काढतात."

मागून तिचा शेजारी व्हर्जिल ओरडला, "अगं, तू इतकं घासलंस की पूरच पुसून टाकलास!"

सगळी खोली हसली. त्यातली निम्मी माणसं तिनं घासलेल्या घरांत राहत होती.

केंडल मात्र हळू आवाजात म्हणाला, "पाच वर्षांनी आराखडा नव्यानं होतो, मावशी. मधे पाणी आलंच, तर फोटो निघेपर्यंत कशाला हात लावू नका."

पाच वर्षं. तिनं हॉबर्टचे उरलेले श्वास त्यांना लावून पाहिले, पुरेनात.

केंडलनं हजेरीचा कागद पुढे सरकवला. "एवढी सही करा. लोकांना विचारून आराखडा केला, असं दाखवावं लागतं."

आर्डिथनं पेन उचललं, कागदावरची नावं वाचली. मग पेन होतं तिथंच ठेवलं, कोट हातावर टाकला, आणि ती दाराबाहेर गेली.