परत मागितलेलं वाण

हौसा गेली त्या दुपारी आम्ही दोघं सोप्यात बसून बियाण्याच्या शेंगा फोडत होतो. मी फोडायचो, ती निवडायची. माझं फोडलेलं तिला जन्मात कधी पटलं नाही. "आवं, फुटका दाणा कशाला घालताय ह्यात? पेरायचं हाय का खायाचं?" असं म्हणून माझ्यापुढची रास ती आपल्याकडं ओढायची. त्या दिवशीही ओढली. मग हात थांबवून म्हणाली, "सिंधूकडची तेवढी एक राहिली बगा. तिच्या सुनेचे, मंगलचे दिवस भरत आले."

"जाऊ दे की आता. किती लाज काढशील?" मी म्हणालो.

तिनं पुढची मूठ निवडायला घेतली. दिवस मावळताना भिंतीला टेकून बसली, ती तशीच गेली.

सिंधूकडं काय राहिलं होतं ते सांगायचं, तर माझी बायको कशी होती तिथनंच सांगायला पाहिजे.

आमचं गाव वडूजजवळचं. गल्लीत कुणाची लेकसून अडली की पहिली हाक हौसाला. बाळंतपणाचं काम ती सासूच्या हाताखाली शिकली. हात हलका आणि तोंड फटकळ. कळा देणाऱ्या पोरीला म्हणायची, "वरड की गं! नवऱ्याच्या नावानं वरड, त्यानंच केलंय हे." पोरगी कळा देता देता हसायची.

तिची स्वतःची दोन पोरं मात्र पाचवी पुजायच्या आत गेली होती. मी पलटणीत. दोन्ही वेळेला रजेवर आल्यावर मोकळा पाळणाच बघितला. तिसऱ्या खेपेला शालन झाली, तेव्हा हौसालाच ताप भरला. नेमका मी घरात होतो. साताऱ्यातनं अर्धी लाल, अर्धी पिवळी, आत पूड भरलेली अशी गोळी आणली. ताप उतरला, मायलेकी वाचल्या. त्या दिवसापासून ती गोळी म्हणजे हौसाचा देव. रंग बघून नावही तिनंच ठेवलं, हळदकुंकवाची गोळी. "सवाष्णींसाठीच काढलीया ही," म्हणायची.

डॉक्टरनं आठवड्याच्या गोळ्या दिल्या, तर बरं वाटेपर्यंत खायच्या आणि उरलेल्या तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवायच्या, हा तिचा नेम. "उतरल्या तापाला औषध कशाला? त्याला काय जेवाय घालायचंय?" ती डबी कायम कमरेला. कुणाला खोकला, कुणाला गळू, कुणी ओली बाळंतीण, सगळ्यांना एकेक. डबी सरली की मी वडूजच्या बाजारातनं आणायचो. दुकानदार सुट्या द्यायचा, चिठ्ठी विचारायचा नाही. ह्या गोळीची गावाला ओळख माझ्यामुळं झाली, असं मी चारचौघांत सांगायचो.

मग सरकारी नर्सबाई गावात यायला लागली. तिनं सांगितलं, बाळाच्या बेंबीला शेण लावू नका, राख लावू नका, काहीच लावू नका. शेण-राख हौसानं त्याच दिवशी सोडली. पण काहीच लावायचं नाही, हे तिच्या पचनी पडेना. "पावना घरात आलाय, त्याला कोरडा कसा ठिवायचा?" मग ती गोळीचं टोपण उघडून आतली पूड बेंबीवर टाकायला लागली.

दुष्काळ सरल्यावरच्या एका संक्रांतीला तर तिनं कमालच केली. बायका वाण म्हणून फण्या, करंडे लुटतात. हौसानं गोळ्या लुटल्या. ज्या घरात बाळंतपण व्हायचं होतं, त्या घरातल्या बाईच्या ओटीत तिळगुळाबरोबर कागदात बांधून एकेक गोळी.

आमच्या गल्लीतली सिंधू म्हणाली, "आक्का, म्होरल्या वर्साला सुई लुटणार का काय?"

"लुटीन की. टोचून घ्याय तू थांब म्हंजी झालं."

सगळ्या बायका हसल्या. मी दारात उभा राहून मिशीला पीळ देत होतो.

त्याच चैत्रात शालन पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगा झाला. हौसानं शालनला गोळी दिली, नातवाच्या बेंबीवर पूड टाकली. चौथ्या दिवशी पोर दूध ओढेना. बेंबीभोवती लाल झालं, अंग तापलं. आम्ही काय केलं? आणखी पूड टाकली. शालनला आणखी एक गोळी दिली आणि उतार पडायची वाट बघत बसलो. मग एसटीनं सातारा.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "बेंबीला काय लावलंत?" मी पायाकडं बघत उभा राहिलो. हौसानं कमरेची डबी काढून टेबलावर ठेवली. "ही. चांगली असती."

बाईंनी इंजेक्शन चालू केलं. ते लागू पडेना म्हणून दुसरं केलं. पोर गेलं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हौसाला बाकावर बसवलं, शेजारी बसल्या. "आजी, एखाददुसऱ्या गोळीनं रोगाचे जंतू मरत नाहीत, निबर होतात. मग खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही. हे तुमच्या एकट्या घरातलं नाही, सगळीकडंच व्हायला लागलंय. आणि पोराला आणायला उशीर झाला."

परतीच्या गाडीत हौसा म्हणाली, "साप अर्धा मारून सोडला आपुन. त्यानं डूख धरला."

शालन सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हौसा दारोदार फिरायला लागली, संक्रांतीचं वाण परत मागत. आमच्याकडं दिलेलं वाण परत मागत नाहीत. परत गेलं तर त्या घरातलं कुंकू जातं म्हणतात. बायकांनी तिला काय काय ऐकवलं! "सोताचा नातू गेला म्हणून आमच्या पोरांवर जळतीस व्हय?" ती दारात पदर पसरून उभी राहायची. "शिव्या दे, पर गोळी दे." मिळालेली गोळी आणून चुलीत टाकायची.

एकदा मी पारावर बसलो होतो. एकानं विचारलं, "तात्या, काकी काय मागत फिरतीया?"

"येड लागलंय तिला," मी म्हणालो.

ती तेव्हा समोरनंच चालली होती. तिनं ऐकलं. पदर सारखा केला आणि पुढच्या दारात गेली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "भाकरी गरम हाय, खाऊन घ्या."

हळूहळू सगळ्यांनी दिल्या. सिंधूनं नाही. तिनं ती गोळी सुनेच्या बाळंतपणासाठी देव्हाऱ्यात ठेवली होती. "आक्का, तुमी वाण न्हेलं आन् माझ्या पोराला काय झालं, तर मंगलचं कुकू तुमी आणून देणार हाय का?" तरी हौसा तिच्या दारात जात राहिली.

हौसा गेल्यावर बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. ओटी सिंधूनंच भरली. "नशिबाची. कुकू घेऊन गेली," सगळ्या म्हणत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "हळदकुंकवाची गोळी देऊन लय जणींना जगवलं गं आक्कानं." मला मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिंधूच्या दारात गेलो. सुतक होतं म्हणून पायरीच्या खालीच थांबलो. टॉवेल पसरला.

"सिंधू, वाण परत दे."

ती पिठाच्या हातानं बाहेर आली. "तात्या, आज?"

"कुकू जातंय म्हणत हुतीस न्हवं? जायचं ते माझ्या घरातलं गेलं. आता तू कशाला भेतीस? मंगलला कळा सुरू झाल्या की वडूजच्या दवाखान्यात न्ह्या. गाडी-बैल माझे. आन् बेंबीला कायबी लावू नका. पावना कोरडाच ऱ्हाऊ द्या."

तिनं डोळ्याला पदर लावला. आत जाऊन आली आणि कागदाची पुडी वरनंच टॉवेलात सोडली. कागदाला तीळ चिकटलेले होते.

घरी आलो. चूल थंड होती. सुतकात चूल पेटवत नाहीत, भाकरी शेजारनं येते. मी चुलीपुढं बसलो. चुलीला मी कधी हात लावला नव्हता, त्यामुळं जाळ कमी आणि धूरच जास्त. धूर बघून शेजारीण धावत आली.

"आवं तात्या, सुतकात चूल? येड लागलं का काय?"

"व्हय," म्हणालो आणि पुडी आत टाकली.